वाघ कोणी मारला

पनवेलच्या पोलीस ठाण्यात पासपोर्टच्या चौकशीसाठी ताटकळलेल्या सुनयनाच्या बाकावर करंजाड्याचे दोन भाऊ नव्वदीच्या बापाला घेऊन बसले होते, जुन्या रायफलीचा परवाना नवा करायला.

“दादा, रायफलीचा नंबर विलायतेला कळवला, तर कंपनी बोलते, ती बावन्न साली बनली.”

“बनू दे की. आजोबांनी तिनंच वाघ मारला.”

“आजोबा पन्नास सालीच वारले.”

“रविवारी चौकात त्यांचा पुतला बसतोय, दिपेश. पायाखाली वाघ, हातात हीच रायफल.”

“मग आता?”

“आता वाघ बाबांनी मारला. चेहरा सारखाच हाय, पाटी तेवढी बदल.”

“जित्या मानसाचा पुतला?”

“लोक वाघ बघतात. बाबा, कुनी विचारलं तर वाघ तुमी मारलाय, बरं का.”

म्हाताऱ्याने एकदा सुनयनाकडे बघितलं, मग थोरल्याकडे वळून दोन्ही हात पसरले.

“केवढा सांगू?”