भरधाव काळीपिवळी

जमादार : ...आता पुढचं ऐक. ‘सदर दोन इसम कृषी केंद्रातून संकरित मिरचीच्या बियाण्याची पेटी चोरून माझ्या काळीपिवळी जीपमध्ये बसले व मी सदर जीप भरधाव वेगाने टेंभुर्णीच्या दिशेने पळवली.’ कर सही, पुंजाराम.

पुंजाराम : भरधाव? साहेब, चाळीसच्या वर गेलं की दार उघडतंय माझ्या गाडीचं.

जमादार : पेपरात काय आलंय वाचलंस का? ‘बियाणे चोरट्यांचा पोलिसांकडून सिनेस्टाइल पाठलाग.’ मोठ्या साहेबांनी जालन्याहून फोन करून शाबासकी दिली मला. रेस लावणाऱ्या पोरांच्या पिक्चरमध्ये तो ड्रायव्हर असतो ना, चोर बसले की गाडी गायब? तो तू.

पुंजाराम : त्याच्या गाडीला दोन सीट असतेत साहेब. माझ्या गाडीला अकरा. आन सही केली तर लायसन जाईल, गाडी तुमच्या आवारात सडंल. घरी चूल काय तुमच्या पेपरावर पेटवू?

जमादार : बरं, मग खरं सांग. चोर बसल्यावर किती वेळात निघालास?

पुंजाराम : पाऊण तासानं.

जमादार : पाऊण तास!

पुंजाराम : ते चोर हायेत म्हणून कपाळावर लिव्हल्तं का? स्टँडवर नंबर माझा होता. ह्या दोघायला धरून सातच सीट झाल्ते. भरल्याबिगर म्या गाडी हालवत न्हाई, अख्ख्या जाफराबादला ठावं हाय. ते म्हणून राह्यले, जल्दी काढा, रिकाम्या सीटचं भाडं आम्ही देतो. म्या म्हणलो, बिलकुल न्हाई. आज तुम्ही द्याल, उद्या लोकायला पाय पसरून बसायची सवय लागंल.

जमादार : मग उतरून पळाले का नाहीत?

पुंजाराम : पळतेत कशाला? उतरले आन वरडायलाच लागले. ‘टेंभुर्णी, टेंभुर्णी! चला, लगेच निघून राह्यली!’ एकानं उषाबाईचं गाठोडं टपावर चढवलं, दुसऱ्यानं तिला खिडकीची जागा दिली. इतक्या वर्षांत असे क्लीनर मला भेटले न्हाईत साहेब.

जमादार : हे असलं लिहिता येतं का? वरून विचारतील, चोर पाऊण तास स्टँडवर बोंबलत होते तेव्हा पोलीस काय करत होते? तू भरधाव गेलास तरच ठाण्याची इज्जत राहते. सही कर, नाहीतर साथीदार म्हणून तुझं नाव टाकतो.

पुंजाराम : टाका. मंग मला कोर्टात अकराच्या अकरा सीटची नावं सांगावी लागतील.

जमादार : सांग की. भितो का मी?

पुंजाराम : मागं उषाबाई, तिची सून, कॉलेजच्या चार पोरी. मधी माऊली टेलर, त्याचा मेव्हणा आन हे दोघं. झाले दहा. अकरावं काही भेटंना. मंग त्या दोघायतल्या उंच्या पोरानंच रस्त्याच्या पल्याड हात केला. ‘ओ साहेब, या, पुढचं एकच सीट बाकी हाय!’

(जमादार उठून दार लोटतात.)

जमादार : हळू बोल.

पुंजाराम : साध्या कपड्यात होते तुम्ही. साहेब म्हणल्यावर खूश झाले. वाटंत तुमचा फोन वाजला, तर तुम्ही म्हणले, ‘होय साहेब, गाडीतच हाय, पाठलाग चालू हाय.’ मंग डोळा लागला तुमचा. त्यांच्या पेटीला जागा नव्हती, म्हणून ती तुमच्या...

जमादार : मांडीवर. माहितीये मला. साखरपुड्याची मिठाई आहे म्हणाले होते.

पुंजाराम : म्या आजपातूर कुणाला बोललो न्हाई. धमकी देत न्हाई साहेब, लई भ्याव वाटून राह्यलं म्हणून बोललो. गाडी गेली तर म्या काय करू?

जमादार : ...आण तो कागद. ‘अज्ञात वाहनाने पसार’ लिहितो. ही तुझी चावी. गाडी घे आणि नीघ.

पुंजाराम : उपकार झाले साहेब.

जमादार : उपकार कसले? अंगावर वर्दी चढल्यापासून कुणाचं फुकट खाल्लं नाही मी. त्या दिवशी झोपेत तुझं भाडं तेवढं राहिलं. हे घे.

पुंजाराम : राहू द्या साहेब. तुमचं भाडं त्या दोघायनी उतरतानाच दिलं.