दोराचं टोक

मुलुंडच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात वनमालाबाई दुखरा गुडघा चोळत बसल्या होत्या. शेजारी, बोटांना पट्ट्या गुंडाळलेली मुलगी मित्राला भिंतीवरच्या चढाईचं सांगत होती.

“सुयोग, योगाने खरंच फरक पडला यार. काल चढण्याआधी डोळे मिटून वीस श्वास मोजले. मग डोक्यात काही म्हणजे काहीच नाही. फक्त हात, पाय आणि श्वास.”

“हं.”

“पण मध्येच का उतरवलंस रे? टॉप दोन हातांवर होता!”

“उतरायचाही सराव हवा ना.”

“रोज वर पोचले की मी हात सोडते, तू दोराने खाली घेतोस. काल मात्र म्हणालास, ‘हात सोडू नकोस, एकेक पाय बघून ठेव, श्वास सोडत खाली ये.’”

“आलीस ना नीट?”

“झकास आले. पण का?”

“जान्हवी, तू दोर बांधलाच नव्हतास.”

“काहीतरीच काय!”

“श्वास मोजलेस आणि सरळ चढायला लागलीस.”

“आणि तू? तू खाली दोर धरून उभा होतास ना?”

“मीपण डोळे मिटून मोजत होतो. उघडले तेव्हा तू तीस फुटांवर होतीस.”

“मग ओरडायचं नाही?”

“ओरडलो असतो तर तू खाली बघितलं असतंस.”

“…दोराचं माझं टोक कुठे होतं?”

“माझ्या पायाशी.”

“वनमालाबाई, या आत!” अशी हाक आली. बाईंनी खुर्चीचे दोन्ही दांडे घट्ट धरले होते. ते त्यांना सोडवेनात.