बांधावरची टिकली

तुमी हसाल, पण माझे दात टिकलीनं वाचले. दिवसभर मी दातावर दात दाबून असायचे, त्यानं जबडा ठणकायचा. तळेगावच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिथं दात आवळता, तिथं खूण लावा. खूण दिसली की दात सुटे करायचे."

मी एक टिकली गॅसजवळ लावली, एक गाडीच्या आरशावर. पण दात खरे आवळायचे शेतात, कारण दीर दर नांगरटीला बांध आमच्याकडं सरकवायचे. हे सांगितल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग तिकडं जाऊच नका." म्हटलं, "जमीन माझी हाय, मी जाणारच." आणि बांधावरच्या दगडाला लाल टिकली लावली.

दुसऱ्या दिवशी दीर दारात. "वैनी, दगडाला टिकली कुणी लावली?"

"मी."

"कशापायी?"

"माझ्या दातांसाठी, भाऊजी."

त्यांना ती करणीच वाटली. जाऊबाईंनी दगडापुढं नारळ ठेवला, आणि औंदा ट्रॅक्टर दगडापासून दोन हात लांबूनच वळला.

महिन्यानं बाईंनी जबडा तपासला. "छान. आता टिकल्या काढल्या तरी चालतील."

म्हटलं, "घरातली नि गाडीवरची काढते. बांधावरची न्हाई."