फळ्यावरची वेळ

अरे, पेडण्याशी मॅच म्हटली की मला अजून तो फळा आठवतो. गोव्यात मराठी की कोंकणी असा राजभाषेचा वाद पेटला होता तेव्हाची गोष्ट. लीगची मॅच नेहमी पाचला असायची, त्या रविवारी मात्र चारला ठेवलेली. डिचोलीच्या बाजारातला फळा मी आणि माझा दोस्त दत्ताराम लिहायचो. पेडण्याच्या फॉरवर्डला कोण अडवणार यावर बोलता बोलता चहा संपला आणि मी खडूनं लिहिलं, "सामना पाहायला या."

दत्ताराम भडकला, "मराठी कित्याक? 'मॅच पळोवंक येयात' बरय!" कोंकणीतच लिही म्हणे.

"अक्षर माझं, भाषा माझी!"

त्यानं पुसलं, मी परत लिहिलं. शेवटी दोघेही तणतणत घरी गेलो.

रविवारी चारला आमच्या बाजूनं प्रेक्षक दोनच. तो एका कोपऱ्यात, मी दुसऱ्यात. बाकी गाव पाचला आलं, तेव्हा आम्ही तीन गोल खाऊन बसलो होतो. भांडणात फळ्यावर वेळच लिहायची राहिली होती.

मॅच संपल्यावर आमचा गोलकीपर म्हणाला, "चार तरी लिहायचं रे, दोनूय भासांनी तें चारच!"

दत्ताराम माझ्याकडे बघून हसला. मी तोंड फिरवलं. त्यानंतर पेडण्याशी किती मॅच झाल्या, पण आम्ही दोघे दोन कोपऱ्यांतच उभे राहिलो.