चंदरचा पहिला शाफ्ट

आगरदांड्याच्या धक्क्यावर नीराबाई लाँचीची वाट बघत होती. पलीकडे दिघीला तिची लेक बाळंतपणात अडली होती. तिच्यापुढेच लाँचमालक तुकाराम आणि लोहार चंदर यांची जुंपली होती.

“पंख्याचा नवा शाफ्ट बसवलास ना? मग माणसं चढू दे.”

“आधी रिकामी फेरी मारू, दादा. लोखंड कातायचा लेथ मी घरीच बांधलाय. त्यावर कातलेला हा पहिलाच शाफ्ट हाय.”

“काल तर म्हणालास, केसाचाही फरक न्हाय!”

“मोजला तवा नव्हता. पण भर खाडीत अडकला तर?”

“लोक खोळंबलेत, चंदर!”

“मग तुमची पोरं पहिली बसवा.”

तुकारामानं नीराबाईकडे पाहिलं.

“रिकामीच न्या,” नीराबाई म्हणाली. “मी थांबते.”

दोघेच गेले. मध्यावरून वळून लाँच एका सुरात धडधडत परतली. चंदर उतरला नाही. त्यानं हात पुढे केला.

“चल मावशी, लवकर.”