धोतराशेजारी लुगडी

मायबापहो, आयाबायाहो,

आज सखाराम गाडीवानाचा दहावा. आपल्या अमरावतीच्या कापूसबाजारातले इतके सारे जमले, बरं वाटलं. मले बोलता येत नाही. मी बी त्याच्यासारखाच गाडीवान, बैलाशी बोलून बोलून माही जिंदगी गेली, आन बैल कधी मधात बोलत नाही. तवा तुमी बी बोलू नका. पन बोलल्याबिगर मी बसनार नाही.

सारेच सांगून राहिले, सखाराम कष्टाळू होता. सखाराम बैलाले चाबूक लावत नव्हता. खरं आहे. पन येक गोष्ट कोनीच काढत नाही. रस्त्यात दगड असला का जशी बाजूनं गाडी नेतात, तसे सारे बाजूनं जातात. मी नाही जात. सखाराम लुगडं नेसत होता. हौसेनं नेसत होता.

काय झालं? माना काहून खाली गेल्या?

आयका. तिकडे अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस अडला, आन इकडे आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला. पैसा आला तवा कोनी घोडं घेतलं. कोनी कलावंतिणी नाचवल्या. कोनी घरात चांगली बायको असून दुसरी आनली. त्याईले कोनी हसलं? हसनं राहिलं दूर, त्याईच्या पंगतीले तुमी जेवले! सखारामनं आपल्या कष्टाचं लुगडं घेतलं, त्याचा मात्र तमाशा.

आमी दोघं संगंच जात होतो घ्यायले. हो, मी बी. आज धोतरात उभा आहे, पन मी बी नेसतो. घ्या, आयकलं ना? आता पुढं.

अकोल्याले गाड्या खाली केल्या का बैल सोडायचे, हातपाय धुवायचे, आन सरळ कापडबाजार. पहिले सारा बाजार नुसता पाहायचा. मोरपिशी बरं का अंजिरी, यावरून भांडायचं. सखाराम पदर बोटात चोळून पाहे, काठ उन्हात धरे. गडी उंच, नऊवारी त्याले आखूड पडे, तं मोठ्या पन्ह्याचं मागे. आन सौदा झाला तरी उठायचा नाही. म्हने, "बस ना गड्या, अजून येक उलगडू दे. घेनं तं घडीभराचं, खरी मजा पाहन्यात आहे." तवा त्याचं तोंड पाहायले पाह्यजे होतं तुमी! कसा खुलून जाय!

दुकानात मी नेहमी सांगे, बायकोसाठी पाह्यजे. तो बी पहिले तसंच सांगे. येक दिवस शेटनं इचारलं, वहिनी कितीक उंच आहेत? सखाराम म्हनला, "माह्याइतक्या. मलेच नेसायचं आहे."

सारं दुकान फिदीफिदी हसलं. शेट आपल्या रीतीप्रमानं पदर सोताच्या खांद्यावर टाकून दाखवून राहिला होता. सखारामनं त्याच्याकडे बोट केलं. "हा मानूस सकाळपासून खांद्यावर पदर घेऊन बसला आहे. याले कोनी हसत नाही. विकायले घेतला तं धंदा, आन आवडीनं घेतला तं पाप? असं काहून?"

शेटनं खांद्यावरचा पदर काढून घडी घातली. मंग म्हनला, "बसा. मोठ्या पन्ह्याचं काढतो."

ही सरूवहिनी, त्याची बायको, इथंच बसली आहे. तिले पहिले राग आला, मी काही लपवत नाही. भांडे आपटले तिनं. मंग तिनंच त्याले निऱ्या धरायले शिकवलं. म्हने, नेसायचं तं नीट नेसा, गबाळ्यावानी नको. तिची तक्रार नाही, तं तुमाले काहून घोर?

नारायणभाऊ, तुमी त्याचे थोरले. तुमाले मान आहे. आपल्यात रीत आहे, दहाव्याले मानसाच्या वापरातले कपडे दान करायचे. तुमी धोतर मांडलं, पागोटं मांडलं, वहाना मांडल्या. आन लुगडी? ती गाठोडं बांधून तुमी मांडीखाली घेऊन बसले. सकाळी वहिनीले म्हनले, "नदीत सोडून देतो, मांगं बोभाटा नको." भाऊ, ते पागोटं त्यानं लग्नात घातलं आन खुंटीले टांगलं. लुगडी त्यानं अंगावर वागवली, वहिनीच्या हातानं धुवून वाळवली. मंग वापरातले कपडे कोनते? अर्धा भाऊ दान करता आन अर्धा बुडवता? माह्या जिवात जीव आहे तवर मी नाही बुडू देनार.

सोडा गाठ.

सोडत नाही? मंग द्या इकडे. वहिनी, या. धरा येक टोक.

हे डाळिंबी. हे लिंबाच्या रंगाचं. आन हे आजारपनात उशाशी घेतलेलं, ताप चढला तरी सोडलं नाही ते. मांडा धोतराशेजारी. जिले पाह्यजे तिनं न्यावं, नेसावं, मिरवावं. ज्याले पाह्यजे त्यानं बी न्यावं.

आता ज्याले हसायचं असन त्यानं हसून घ्यावं. लाजू नका. मी थांबतो.

नाही? कोनीच नाही?

मंग उभे राहा सारे. नारायणभाऊ, तुमी बी. हात जोडा, आन घडीभर गप राहा. इतके दिवस त्याच्यापायी तुमी लाजेनं गप होते. आज मानानं राहा.