साखळीतला हात

मालेगावच्या स्टँडवर वाशीमच्या गाडीची वाट पाहता पाहता उमेराचे कान मागच्या बाकड्याकडे वळले. तिथं बसलेले कबड्डीचे जगदेव सर आणि त्यांचे जुने जोडीदार अन्सारचाचा, समोर रसवंतीपाशी उभ्या असलेल्या कॉलेजातल्या शिवमला दुरूनच तोलत होते.

"जगदेवभाऊ, प्रो कबड्डीवाले तुमच्या फोनची वाट पाहून राह्यले. पाठवा ना पोट्ट्याले."

"ताकद लय हाय. पन साखळीत हात सोडते."

"कवा?"

"दरवेळी! रेडर दिसला का एकटाच झेपावते, अन् बाजूचा गडी उघडा पडते."

"जवान हाय, भूक हाय त्याले."

"भूक हाय तं घरी जेवाव!"

"मंग नाही म्हनता?"

"औंदा नाही."

तेवढ्यात गाडी आली. खिडक्यांतून रुमाल पडले, दारावर अख्खा स्टँड तुटून पडला. रेटारेटीत शिवमनं एका अनोळखी आजीचा हात धरला. समोर रिकामी सीट दिसत होती, पाठीवर कोपरं बसत होती, पण आजी वर चढून बसेपर्यंत गडी हालला नाही. सीट गेली. उमेरा तर रुमाल टाकायचाच विसरली.

"भाऊ, हात नाही सोडला."

"मले डोळे हायेत, अन्सार. फोन दे इकडं."

"अन् आपली गाडी?"

"जाऊ दे. दुसरी येते."